लॅमिनेशन केलेला फॅक्स

आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नसे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती शिस्त वाटायची आणि आईचं कौतुक व्हायचं. खरं कारण असं की बोलण्याच्या नादात फोनची रिंग ऐकू आली नाही तर नाना ताटावरून ओरडत. सातपूरला कामगार वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घालून नानांनी फोन-फॅक्सचं दुकान थाटलं होतं आणि पार्टिशनच्या अलीकडे आमचा संसार होता. आई भाकरी थापता थापता हात थांबवून कान द्यायची. रिंग नाही असं कळलं की पुन्हा थप थप सुरू. तव्यावर मिरचीचा ठेचा परतला की पलीकडे फोनवर बोलणाऱ्याला ठसका लागायचा, आणि तो कुणा नातेवाइकाला सांगायचा, "काही नाही, इथं स्वयंपाक चाललाय." शिफ्ट सुटल्याचा भोंगा, मोटरसायकली, बस, शेजारच्या वर्कशॉपमधला लेथ, या सगळ्यावर मात करणारा एक आवाज म्हणजे आमच्या फॅक्सची किंचाळी. रिंग वाजायची, नाना उचलायचे, पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "फॅक्स टोन द्या." नाना हिरवं बटण दाबून रिसीव्हर इतक्या अदबीनं खाली ठेवायचे की लग्नात अक्षता टाकतोय असं वाटावं. मग ती किंचाळी, मग खरखर, मग चिमट्यातून ओढल्यासारखा कागद हळूहळू बाहेर. तोवर घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, असा नियम होता. मिक्सरनं लाइनीत गडबड होते, असं नानांचं ठाम मत होतं. तसं काही नसतं हे मला पुढे कळलं, पण तोवर आईनं पाट्यावर वाटायची सवय लावून घेतली होती.

नानांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. आयुष्यभर मिलिंग मशीनवर उभा राहिलेला माणूस एकदम खुर्चीत बसला, आणि खुर्चीतही मशीनसमोरच. फॅक्सबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. मी बारावी झालेली, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिलेली, म्हणजे घरातली सगळ्यात शिकलेली. नानांनी पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "विजू, ह्यातला शब्द न् शब्द मराठीत लिहून काढ. मशीन आपल्याला वळखलं पायजे अन् आपण मशीनला." मी दोनशे पानी वही केली. रोज संध्याकाळी उदबत्ती लावून झाली की ते माझी परीक्षा घेत. आई म्हणायची, "पोरीला उजवायची का ऑपरेटर करायची?" नाना तिकडे लक्ष देत नसत.

ती वही आज माझ्याकडे नाही, पण पानं तोंडपाठ आहेत. हँडशेक म्हणजे दोन मशीन एकमेकांना ओळख देतात, वेग ठरवतात. ती किंचाळी त्याचीच. ऑटो म्हणजे मशीन स्वतः उचलेल, मॅन्युअल म्हणजे आपण उचलायचं. आमची लाइन एकच, म्हणून कायम मॅन्युअल. स्टँडर्ड आणि फाइन म्हणजे अक्षर किती बारकाईनं जाणार. वर्कशॉपवाल्यांची ड्रॉइंग फाइनवर पाठवायची, नाहीतर भोकाच्या मापाचा आकडा पुसट जातो आणि तिकडे चुकीचं भोक पडतं. मेमरी म्हणजे रोल संपला असताना आलेला फॅक्स मशीन पोटात ठेवतं आणि कागद घातला की छापतं, आणि छापला की विसरतं. जर्नल म्हणजे आल्यागेल्याची यादी: नंबर, वेळ, पानं, ओके. ओके म्हणजे पान पोचलं, त्यावर काय होतं ते मशीनला माहीत नसतं. हेडर म्हणजे पानाच्या कपाळावरची बारीक ओळ, पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, तारीख. ती ओळ मशीनमध्ये आपण भरू तीच छापते. आणि थर्मल पेपर: या कागदाला शाई लागत नाही, उष्णतेनं अक्षर उमटतं. नाना विचारायचे, "थर्मल म्हणजे?" मी म्हणायचे, "उष्णता." ते मान हलवायचे आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे जायचो. पुस्तकातलं आणि अनुभवातलं यांची गाठ पडायला माणसाला अक्कल लागते, ती त्या वयात मला नव्हती. आता साठीकडे झुकल्यावर आहे असं लोक म्हणतात, पण त्याचा उपयोग कुणाला?

दुकानात दुसरं एक यंत्र होतं, ते फॅक्सपेक्षा जास्त चालायचं: लॅमिनेशनचं. आमच्या वसाहतीत किंमत असलेला प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये जायचा. जातीचा दाखला, मार्कशीट, रेशनकार्ड, गुरूचा फोटो, एकदा तर एका फिटरनं बायकोच्या हातची पहिली चिठ्ठी आणली होती. गळके पत्रे, उंदीर, लहान मुलं, यांच्यातून कागद वाचवायचा तर हाच उपाय. तापलेल्या दोन रुळांमधून पिशवी घातली की कागद जन्माचा सुरक्षित. लोक बाहेर आलेला गरम कागद गालाला लावून बघायचे.

ताराबाई आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायच्या. मूळच्या सायखेड्याकडच्या. नवरा सातपूरच्याच एका कारखान्यात प्रेसशॉपला होता, आणि एका दुपारी प्रेसखालून त्याला बाहेर काढलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन मुली, मोठी आठवीत, धाकटी चौथीत. दीर पंधरा दिवसांनी यायचा आणि दारात बसून एकच सांगायचा, की खोली सोडा, गावी चला. मोठीला एक स्थळ आहे, माणूस थोडा वयानं जास्त आहे पण शेतीवाडी आहे. ताराबाई त्याला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "माह्या नवऱ्याच्या जागी मला घेनार हायेत. पत्र येऊ द्या." त्या कारखान्याचं हेड ऑफिस दुसऱ्या राज्यात होतं. तिकडे मीच त्यांचा अर्ज टाइप करून पाठवला होता आणि उत्तरासाठी आमचा फॅक्स नंबर दिला होता. तेव्हापासून त्या रोज दुपारी स्टुलावर येऊन बसायच्या. रिंग वाजली की उभ्या राहायच्या. कुणा वर्कशॉपचं कोटेशन निघालं की पुन्हा बसायच्या. आई त्यांना आत बोलावून मेथीची भाजी-भाकरी वाढायची. त्या अर्धी भाकरी पदरात बांधून मुलींना न्यायच्या आणि आम्ही बघितलं नाही असं करायचो.

एका शनिवारी ते पत्र आलं. किंचाळी झाली, खरखर झाली, कागद बाहेर आला आणि वर कारखान्याचं नाव दिसलं. मी ते मराठीत वाचून दाखवलं: आपल्या पतीच्या जागी आपणास कामावर घेण्यास मंजुरी आहे, हे पत्र घेऊन आठ दिवसांच्या आत सातपूरच्या कारखान्यात हजर व्हावे. ताराबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी मोठीला बोलावून आणलं आणि मला पुन्हा वाचायला लावलं. मग धाकटीसाठी, मग माझ्या आईसाठी. आई रडली, ताराबाई नाही रडल्या. पाचव्या वाचनाला मला ते पत्र पाठच झालं होतं. सोमवारी सकाळी कारखान्यात जायचं ठरलं.

फॅक्सचा कागद रोलमधला, त्यामुळे सारखा गुंडाळी व्हायचा. ताराबाई तो मांडीवर सरळ करत होत्या आणि तो पुन्हा वळत होता. त्या म्हणाल्या, "विजू, हे फाटंल गं. रेशनकार्डाला केलं तसं पलास्टिक लाव ना." नाना बाहेर गेले होते. लॅमिनेशनचं यंत्र तापलेलंच होतं, सकाळी कुणाची तरी मार्कशीट केली होती. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की त्या बाईसाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटत होतं. मी फडक्यानं पिशवी पुसली, कागद नीट मधोमध बसवला, कडा जुळवल्या आणि रुळात सरकवला. उष्णतेनं अक्षर उमटतं, असं माझ्याच हातानं लिहिलेलं वाक्य तीन हातांवरच्या फळीवर वहीत होतं.

पलीकडून काळी पट्टी येऊ लागली. आधी मला वाटलं रुळाला काजळी असेल. कागद येत राहिला आणि काळाच येत राहिला. कपाळावरची बारीक ओळ, कारखान्याचं नाव, मजकूर, सही, सगळं एका रंगात बुडालं होतं, आणि वर प्लास्टिक छान चकाकत होतं. तो गरम कागद ताराबाईंनी माझ्या हातातून घेतला. उलटा केला, मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"काळं कशानं झालं गं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात नाना आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं एका क्षणात कळलं. ते म्हणाले, "घाबरू नका ताराबाई. मशीनच्या मेमरीत असतं ते. सोमवारी दुसरी परत काढून देतो."

"मेमरीत हाय ना नक्की?"

"हाय हाय."

छापला की विसरतं, हे नानांनी माझ्याकडून कितीदा म्हणून घेतलं होतं. ताराबाई गेल्या. नानांनी दार लोटलं आणि मी आयुष्यात एकदाच त्यांचा मार खाल्ला. तो मला लागला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच होता.

सोमवारी नानांनी जर्नल काढून हेड ऑफिसचा नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडे एक मुलगी भराभर इंग्रजी बोलत होती. नानांनी दोनदा "लेटर, लेटर" म्हटलं, मग ऐकत राहिले, मग रिसीव्हर ठेवून दिला. मी म्हटलं, "मी बोलते ना." ते म्हणाले, "काय बोलशील? आम्ही पत्र जाळलं म्हणून? उद्या हे सातपूरभर होईल. ह्यांच्याकडं कागद जळतात म्हटल्यावर कोण ड्रॉइंग आणून देईल?" आई पार्टिशनला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अहो, त्या बाईला खरं सांगा. तिच्यासंगती विजू जाईल कारखान्यात, काय झालं ते सायबाला सांगंल. समजून घेतील." नाना म्हणाले, "तू भाकरी कर." आई आत गेली. तिचं ऐकलं असतं तर, हा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता तो नुसता दात दुखावा तसा येतो आणि जातो.

मला पत्र पाठ होतं. नानांनी टाइपरायटरवर कोरा कागद चढवून दिला. मी टाइप केलं, एकही चूक न करता. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहायला हवं, कारण वाटला होता. जावक क्रमांक मात्र आठवेना. कुठलेतरी आकडे टाकले, तिरक्या रेघा मारल्या. शेवटी मूळ प्रत टपालाने पाठवत आहोत अशी ओळ होती, तीही टाकली. ती ओळ तेव्हा प्रत्येक फॅक्सखाली असायची आणि टपालानं सहसा काहीच यायचं नाही, म्हणून तिचा अर्थ कुणी लावत नसे. सही नानांनी केली. म्हणाले, "स्टँडर्डवर सगळ्यांच्या सह्या सारख्याच दिसतात." मग शहरात भद्रकाली भागात त्यांच्या ओळखीच्या एकाचं फॅक्सचं दुकान होतं, मशीन आमच्यासारखंच, तिथे ते कागद घेऊन गेले. हेडर कसं बदलायचं, तारीख मागे कशी न्यायची, ते मी चिठ्ठीवर बटणाबटणानं लिहून दिलं होतं. दुपारी आमचा फोन वाजला. मी उचलला. "फॅक्स टोन द्या," नानांचा आवाज आला, अगदी परक्या गिऱ्हाइकासारखा. मी हिरवं बटण दाबलं. कारखान्याच्या नावाचं, शनिवारच्या तारखेचं पत्र आमच्या मशीनमधून हळूहळू बाहेर आलं. ताराबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याला लावलं आणि म्हणाल्या, "ह्याला नको लावू बाई पलास्टिक." त्या हसल्या आणि मलाही हसावं लागलं.

मंगळवारी त्या हातमागाची ठेवणीतली साडी नेसून कारखान्यात गेल्या. साहेबानं पत्र पाहिलं, बसा म्हणाला, पाणी दिलं, परवा या म्हणाला. गुरुवारी त्या पुन्हा गेल्या. बुधवारच्या टपालात हेड ऑफिसकडून मूळ प्रत आली होती. साहेबाच्या टेबलावर दोन पत्रं शेजारी शेजारी होती. मजकूर शब्दाला शब्द तोच. क्रमांक वेगळा, सही वेगळी. आमचा कागद नसता, ताराबाई रिकाम्या हातानं नुसत्या जाऊन उभ्या राहिल्या असत्या, तरी टपालातलं ते पत्र बघून त्यांना त्याच दिवशी कामावर घेतलं असतं. साहेब म्हणाला, तुम्हाला घ्यायचंच होतं बाई, पण बनावट कागद देणाऱ्याला कंपनी घेऊ शकत नाही. त्याला खरंच नियम आडवा आला की एक जागा वाचल्याचं बरं वाटलं, ते देव जाणे. मला माणसांबद्दल चांगलं बोलायची सवय नाही, म्हणून मी दुसरं धरून चालते.

त्याच संध्याकाळी त्या दुकानात आल्या. नानांनी त्यांना गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि ते आत जाऊन माळ्यावरचं काहीतरी शोधू लागले. काउंटरवर मी एकटी. ताराबाई स्टुलावर बसल्या नाहीत. आवाज चढवला नाही. झालं ते सगळं सांगितलं, आताच मी लिहिलं त्याच क्रमानं. मग म्हणाल्या, "मेमरीत नव्हतं ना?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मला सांगायचं व्हतं गं. तुला तर सगळं पत्र पाठ व्हतं. माह्यासंगती आली असती, सायबाला तोंडानं सांगितलं असतं."

मी रडू लागले. त्यांनी मला रडू दिलं, गप्प कर म्हणाल्या नाहीत. आतून भांड्याचा आवाज नाही, नानांच्या हालचालीचा नाही. मग त्या म्हणाल्या, "सायेब तीनदा इचारत व्हता, कागद कुनी करून दिला. पोलिसात देतो म्हनला. मी तुमचं नाव नाय घेतलं. माह्या मालकाला दवाखान्यात न्यायला कुनी गाडी थांबवत नव्हतं तवा नानांनी रस्त्यात उभं राहून टेम्पो आडवला व्हता. मी म्हनलं, मीच केला."

"तुम्ही?"

"मग काय. त्यानं लिवून घेतलं, अंगठा घेतला. म्हनला, आता पोलिसात देत नाय, जा." कनवटीला घडी करून खोचलेला कागद त्यांनी काढला आणि काउंटरवर सरळ केला. "एक परत मला दिलीया. बघ बरं वाचून. तुमच्यावर येईल असं काय नाय ना त्यात?"

शाईनं लिहिलेला, शिक्का मारलेला साधा कागद होता. मी वाचला. सदर इंग्रजी पत्र मी स्वतः मशीनवर टाइप केले, त्यावर मी स्वतः खोटी सही केली, यात इतर कोणाचाही हात नाही. खाली निळा अंगठा होता आणि त्याच्या शेजारी कंसात लिहिलं होतं: निरक्षर. त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि साहेबाची.

पुढच्या आठवड्यात दीर ट्रॅक्टर घेऊन आला आणि खोली रिकामी झाली. मोठीचं लग्न त्याच वर्षी झालं. आम्हाला पत्रिका आली नाही, यायचं कारणही नव्हतं. नाना त्यानंतर वीस वर्षं जगले आणि या गोष्टीवर एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. लोक मला हुशार, स्पष्टवक्ती म्हणतात तेव्हा मला ते काउंटर आठवतं. ताराबाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या आणि मी त्यांना तो जबाब पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला. निरक्षर हा शब्दही वाचला.

"बरोबर लिवलंय ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.